चित्र नाचतंय, बँड मुका का?

मार्वेहून फेरीबोटीने मनोरीत उतरलं की खाडीची खारट हवा अंगाला चिकटते. घरांतल्या जुन्या व्हिडिओ कॅसेटींनाही ती सोडत नाही. इथल्या ईस्ट इंडियन समाजातल्या लग्नाची अशी एखादी कॅसेट हौसेने लावावी, तर लग्नविधीसाठी उंबराचं पाणी आणायला निघालेली वऱ्हाडी मंडळी पडद्यावर झोकात नाचतात आणि बँड मात्र मुका!

चित्र शाबूत असताना आवाजच का जातो? कारण दोघांच्या वाटा वेगळ्या. व्हीएचएसची फीत १२.७ मिलिमीटर रुंद. चित्र तिच्या मधल्या भागात तिरक्या रेघांनी उमटतं आणि फिरत्या ड्रमवरची हेडं ते वाचतात. साधा आवाज मात्र फितीच्या वरच्या काठावर, जेमतेम एक मिलिमीटरच्या पट्टीत असतो. तो वाचणारं हेड जागेवर स्थिर असतं. काठ चुरगळला की पहिला घाव आवाजावर.

म्हणून आधी दुसरी कॅसेट लावून पाहा. ती नीट बोलली तर दोष फितीत आहे. दोन्ही मुक्या असतील तर वायर तपासा: पिवळी पिन चित्राची, पांढरी आणि लाल आवाजाची. टीव्हीला अँटेनाच्या वायरने जोडलेला व्हीसीआर हाँगकाँग किंवा इंग्लंडहून आणलेला असेल, तर गंमत वेगळीच. तिथे चित्र आणि आवाजाच्या लहरींत ६ मेगाहर्ट्झचं अंतर, आपल्याकडे साडेपाच. चित्र येतं, आवाज चुकतो. पिनांच्या वायरीने जोडलं की प्रश्न मिटतो.

आवाज येतो, पण उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखा? मग स्थिर हेडवर मळ साचला असणार. आपल्याकडच्या पाल पद्धतीत फीत सेकंदाला अवघी २.३४ सेंटीमीटर सरकते, गाण्यांच्या कॅसेटच्या निम्म्याने. त्यामुळे हेड आणि फितीत केसाएवढी फट पडली तरी बारीक, टोकदार स्वर आधी गळतात. प्लग काढा, झाकण उघडा आणि ड्रमच्या उजवीकडचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने अलगद पुसा. ड्रमला मात्र ती काडी लावू नका. तिथली हेडं नाजूक असतात.

सूर डुलत असेल तर फीत ओढणारा रबरी रोलर कडक झालेला असतो. हाय-फाय व्हीसीआरवर घरघर ऐकू आली तर ट्रॅकिंग फिरवा, नाहीतर साध्या आवाजाच्या पट्टीवर या. हाय-फायचा आवाज ड्रमवरचीच हेडं वाचतात, त्यामुळे चित्राची दुखणी त्यालाही जडतात.

कॅसेटच्या खिडकीतून पांढरे ठिपके दिसले, तर ती बुरशी. तशी कॅसेट लावूच नका. हेडं बरबटतील आणि पुढच्या कॅसेटीही बाधित होतील.

शेवटपर्यंत तग धरलेल्या फुनाई या जपानी कंपनीने जुलै २०१६मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं, तेव्हापासून नवं यंत्र नाही. म्हणून आवाज परतला की त्याच दिवशी संगणकावर नक्कल उतरवा. आणि उतरवताना नुसतं बघत बसू नका, कान देऊन ऐका. नाहीतर वऱ्हाड पुन्हा मुक्यानेच नाचेल.