झोपेतील श्वास आणि कोरडा घसा

घोरणे हे गाढ झोपेचे लक्षण, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. घरातला कर्ता पुरुष घोरू लागला, की दिवसभराच्या श्रमाने तो शांत झोपी गेला असे मानून मंडळी समाधान पावतात. परंतु काही माणसांच्या घोरण्यात मध्येच एक विलक्षण शांतता येते. आवाज थांबतो, त्याबरोबर श्वासही थांबतो, आणि काही क्षणांनी धापेसारखा मोठा श्वास घेऊन घोरणे पुन्हा सुरू होते. झोपेत सैल पडलेली जीभ, टाळू आणि घशाच्या भिंती एकमेकींना चिकटून वाट बुजते, रक्तातील प्राणवायू उतरतो आणि मेंदू अर्धवट जागा होऊन ती वाट मोकळी करतो. हा प्रकार तासातून पाच-सात वेळा घडो की पन्नास वेळा, झोपणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो. त्याला ठाऊक असते ते एवढेच, की आठ तास झोपूनही सकाळी डोके जड असते आणि दुपारी पेंग आवरत नाही.

ही पेंग कोठे येते याला महत्त्व आहे. बंगळूरच्या वायव्येस असलेल्या यशवंतपूरच्या बाजार-आवारात महाराष्ट्रातून कांद्याच्या लॉऱ्या येतात. रात्रभर महामार्गावर चाललेल्या त्या लॉरीच्या चाकामागे असा माणूस बसला असेल, तर त्याची डुलकी ही केवळ त्याची खासगी बाब राहत नाही. शिवाय वाढलेला रक्तदाब आणि हृदयाचे विकार यांच्याशीही या श्वासरोधाचे नाते आहे.

यावर जो प्रमुख उपाय आज जगभर वापरला जातो, तो ऑस्ट्रेलियातील सिडनीचे डॉक्टर कॉलिन सलिव्हन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधला. पाच रोग्यांवरील त्यांचा अनुभव १९८१ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. कल्पना साधी आहे. पडू पाहणाऱ्या छपराला जशी थुणी लावावी, तशी घशाला आतून हवेची थुणी लावायची. उशाशी ठेवलेले लहानसे यंत्र नळीवाटे आणि नाकावरील मुखवट्यावाटे अखंड दाबाने हवा देत राहते. हा दाब सामान्यतः पाण्याच्या ४ ते २० सेंटिमीटर उंचीच्या स्तंभाएवढा असतो. यालाच सीपॅप यंत्र म्हणतात.

यंत्र घरी आले म्हणजे प्रश्न सुटला असे मात्र होत नाही. पहिल्या काही रात्रींतच घशाला कोरड पडते, जीभ टाळूला चिकटते, नाक चोंदते, आणि पुष्कळ जण कंटाळून मुखवटा काढून ठेवतात. हृदयविकार किंवा पक्षाघात यांनी पूर्वीच पछाडलेल्या आणि झोपेत श्वासरोध होणाऱ्या २,७१७ व्यक्तींची एक मोठी पाहणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. तीत यंत्र दिलेल्यांची दिवसाची पेंग कमी झाली; परंतु हृदयविकाराचे नवे झटके कमी झाल्याचे दिसले नाही. ही मंडळी रात्री सरासरी अवघे ३.३ तासच यंत्र वापरीत होती, हेही तेथेच नोंदलेले आहे. निष्कर्षाचे कारण एवढेच, असे कोणी ठामपणे म्हणणार नाही. तथापि जे औषध अर्धेच घेतले गेले त्याच्या गुणाची पुरी परीक्षा होत नाही, हे उघड आहे.

मग ही कोरड येते कोठून? नाक हे केवळ हवा जाण्याचे छिद्र नव्हे. ते शरीराचे पाणी काटकसरीने वापरणारे यंत्रच आहे. आत जाणारी हवा ते ऊबदार व ओली करते आणि बाहेर पडणाऱ्या हवेतील ओलाव्याचा काही भाग परत मिळवते. या देवघेवीमुळे नाकाचा हिशेब जुळतो. परंतु झोपेत तोंड उघडे राहिले, की यंत्राची हवा नाकातून शिरते आणि तोंडावाटे निसटते. नाक देतच राहते, त्याला परत काही मिळत नाही. मग त्याची अंतस्त्वचा सुकते व सुजते, नाक चोंदते, आणि चोंदलेल्या नाकामुळे तोंड अधिकच उघडते. असे हे दुष्टचक्र आहे. ते तोडणे हाच सर्व उपायांचा उद्देश होय.

पहिला उपाय हवा ओलावण्याचा. यंत्राला जोडलेल्या पात्रातील पाणी किंचित तापवून हवेला बाष्प दिले जाते. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसले आहे. तेथे फेब्रुवारी-मार्चचे दिवस कोरडे असतात, तेव्हा हे मान थोडे वाढवावे लागते. उलट डिसेंबर-जानेवारीच्या गार रात्री तेच बाष्प नळीत थंड होऊन पाण्याचे थेंब नाकावर येतात. त्या वेळी बाष्प थोडे कमी करावे किंवा नळी पांघरुणाखालून घ्यावी, आणि यंत्र अंथरुणाच्या पातळीहून खाली ठेवावे. पात्रात ऊर्ध्वपातित पाणी घालणे उत्तम. कूपनलिकेच्या जड पाण्याचे क्षार तळाशी बसतात. उरलेले पाणी रोज सकाळी ओतून टाकावे आणि पात्र सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवावे.

दुसरा उपाय नाक मोकळे ठेवण्याचा. १९५० च्या दशकात पुण्यास प्रथम ध्यानात आलेले गाजरगवत पुढे कर्नाटकातही फोफावले. त्याच्या परागांनी ज्यांचे नाक वाहते किंवा चोंदते, त्यांनी आधी त्यावर उपचार करून घ्यावेत. झोपण्यापूर्वी मिठाच्या सौम्य द्रावणाने नाक धुतल्यास बरे वाटते. नाक झटकन मोकळे करणारे थेंब मात्र आठवडेच्या आठवडे घालू नयेत. त्यांनी पुढे नाक अधिकच चोंदते.

तिसरा उपाय मुखवट्याचा. हवा गळू लागली की पट्टे आवळण्याचा मोह होतो. त्याने गालावर वळ उठतात, गळती मात्र पुष्कळदा तशीच राहते. मुखवट्याचे माप बदलून पाहणे अधिक शहाणपणाचे. तोंड उघडे राहतच असेल तर हनुवटीचा पट्टा किंवा नाक-तोंड दोन्ही झाकणारा मुखवटा वापरता येतो. तोंडाला चिकटपट्टी लावण्याचा प्रयोग वैद्यांना विचारल्याशिवाय करू नये. नाक चोंदले किंवा उलटी झाली तर तो जिवावर बेतू शकतो.

राहिला सवयीचा प्रश्न. दिवसा जागेपणी, रेडिओवरील बातम्या ऐकताना अर्धा तास मुखवटा लावून बसावे. प्रथम यंत्र बंद ठेवून आणि नंतर चालू करून. दाब हळूहळू चढविण्याची सोय बहुतेक यंत्रांत असते. तिचा लाभ घ्यावा. ठरवून दिलेला दाब मात्र स्वतःच्या मनाने बदलू नये. नाकातून रक्त येणे, कान दुखणे, पोट हवेने फुगणे अशी लक्षणे टिकून राहिली तर वैद्यांकडे जावे.

घरच्या माणसांचाही यात वाटा आहे. मुखवटा लावलेल्या माणसाची थट्टा झाली, तर तो उद्या यंत्र कपाटात ठेवील. चष्मा लावताना आज कोणी लाजत नाही. या यंत्राकडेही त्याच दृष्टीने पाहिले पाहिजे. पहिल्या काही आठवड्यांची कोरड सोसणे हा इलाज नव्हे. तिचे कारण शोधून ती दूर करणे हा इलाज आहे. ते जमले म्हणजे रात्रीचा श्वास अखंड चालतो, आणि दिवस खऱ्या जागेपणाने सुरू होतो.