पिल्लांआधी त्यांचे अन्न

क्लाउनफिशची जोडी घरच्या टाकीत अंडी घालते, नर ती जिवापाड सांभाळतो, आठवडाभराने रात्री पिल्ले बाहेर पडतात. आणि बहुतेकदा तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यातले एकही उरलेले नसते. मग दोष पाण्यातल्या मिठाला दिला जातो, हीटरला दिला जातो, कधी त्या जोडीलाही. बऱ्याचदा यातले काहीच चुकलेले नसते. पिल्ले उपाशी मेलेली असतात. क्लाउनफिश वाढवणे म्हणजे मुख्यतः त्यांचे सूक्ष्म अन्न वाढवणे, आणि ज्याला हे पटले आहे त्याचे अर्धे अपयश तिथेच टळते.

माशांच्या बाजूचे काम निसर्गानेच सोपे करून ठेवले आहे. लहान क्लाउनफिश नर की मादी हे ठरलेले नसते. गटातला सर्वांत मोठा मासा मादी होतो, त्याच्या खालोखालचा नर. मादी गेली तर तोच नर मादी होतो, आणि हा बदल पुन्हा उलटत नाही. त्यामुळे लहानमोठी दोन पिल्ले एकत्र वाढवली की सहसा जोडी ठरते. अंडी घालायला समुद्रफूल (सी ॲनिमोन) असलेच पाहिजे असेही नाही. पालथी मातीची कुंडी किंवा फरशीचा तुकडा चालतो. त्यावर चिकटवलेली शेकडो अंडी नर पंखांनी वारा घालून ताजी ठेवतो, मेलेली वेचून खातो. २६ ते २८ अंश सेल्सियसला ती ६ ते १० दिवसांत तयार होतात आणि दिवे मालवल्यावर तास-दोन तासांत फुटतात. बाहेर पडताना पिल्लाचे डोळे आणि तोंड कामाला लागलेले असते, हा मोठाच फायदा. उलट यलो टँग या माशाची अंडी पाण्यात मोकळी तरंगतात, पिल्ले फार अपुऱ्या अवस्थेत जन्मतात. म्हणूनच फ्लोरिडात मार्टिन मो यांनी १९७०च्या दशकात क्लाउनफिशची व्यापारी पैदास केली, पण यलो टँग हवाईतल्या ओशनिक इन्स्टिट्यूटला वाढवता आला तो २०१५मध्ये.

तरीही क्लाउनफिशचे पिल्लू जेमतेम ३-४ मिलिमीटरचे असते आणि शिदोरीला अंड्यातला बलक अगदी थोडा उरलेला असतो. समोर हलणारे भक्ष्य दिसले तरच ते टिपते. शोधत दूर जात नाही. आर्टेमिया या कोळंबीसारख्या छोट्या जीवाची नवजात पिले सुमारे अर्ध्या मिलिमीटरची, त्याच्या तोंडात न मावणारी. रोटिफर हा सूक्ष्म जीव मात्र ०.१ ते ०.३ मिलिमीटरचा, आणि संथ पोहणारा. म्हणून पहिला आठवडा रोटिफरचाच. पण रोटिफर स्वतः पौष्टिक नाही, त्याने नुकतेच जे खाल्ले तेच पिल्लाला पोहोचते. नॅनोक्लोरोप्सिस या शैवालावर तो भराभर वाढतो, मात्र त्यात डीएचए हे मेदाम्ल जवळपास नसते. आयसोक्रायसिस ती उणीव भरून काढते. पिल्लांच्या पाण्यातही थोडे शैवाल सोडले की रोटिफर उपाशी राहत नाहीत आणि अमोनियाही थोडा आटोक्यात राहतो. पाचव्या ते सातव्या दिवसापासून आर्टेमिया हळूहळू सुरू करता येतो. दहा-पंधरा दिवसांत पिल्ले तळाकडे वळतात, अंगावर पांढरे पट्टे उमटू लागतात. हे पट्टे थायरॉइड संप्रेरकांच्या ताब्यात असतात.

बाजारात पावडर मिळते, मग ही कटकट कशाला, असे कुणी विचारेल. पावडर पोहत नाही, तळाशी बसून कुजते आणि अमोनिया वाढवते; नंतर जोड म्हणून ती चालेल, पहिल्या घासाला नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: तामिळनाडूत मंडपम आणि आपल्याकडे ऐरोली इथे क्लाउनफिशची पैदास होत असताना घरी उपद्व्याप का? संख्येसाठी घरगुती पैदाशीची गरज नाही, हे मान्यच केले पाहिजे. पण पिल्लाचा एकेक दिवस किती काटेकोर असतो हे ज्याने पाहिले, तो प्रवाळावरून पकडलेला मासा स्वस्त मिळाला तरी सहजासहजी घेणार नाही, असे मला वाटते. फिलिपिन्स-इंडोनेशियात शोभेचे मासे पकडायला सायनाइड वापरले गेले आहे. त्या व्यापाराला ग्राहक आपणच आहोत. तिसरा प्रश्न मात्र प्रत्येकाने स्वतःला विचारावा: शंभर पिल्ले जगली तर ती जाणार कुठे? उत्तर नसेल तर ती अंडी वाढवायला घेऊ नयेत, आणि उरलेली पिल्ले समुद्रात तर कधीच सोडू नयेत.

उत्तर असेल, तर जोडी पैदास केंद्रातली घ्या आणि रोटिफर आजच वाढवायला घ्या, तेही दोन वेगवेगळ्या भांड्यांत. एखाद्या भांड्यातले रोटिफर अचानक मरतात, आणि पिल्लांना तेवढा उपास सोसत नाही.