बहुवारिक जैवसामग्रीची पृष्ठीय अभिक्रियाशीलता

रक्त, ऊती किंवा पेशी यांच्या संपर्कात येणाऱ्या बहुवारिकाच्या, म्हणजेच पॉलिमरच्या, पृष्ठभागावर कोणते रासायनिक गट अभिक्रियेसाठी उपलब्ध आहेत व किती, हे ठरविण्याच्या प्रक्रियेला पृष्ठीय अभिक्रियाशीलतेचे मापन म्हणतात. गटांची संख्या सामान्यतः प्रति चौरस सेंटिमीटर नॅनोमोलमध्ये सांगतात.

== महत्त्व ==
रोपण केलेल्या पदार्थावर रक्तातील प्रथिने काही सेकंदांतच चिकटू लागतात. पुढे पेशी स्थिरावतील की रक्त गोठेल, हे बऱ्याच अंशी या थरावर अवलंबून असते. पॉलिस्टायरिन जलविरोधी असल्याने त्यावर बहुतेक पेशी नीट चिकटत नाहीत. म्हणून पेशीसंवर्धनाच्या बश्यांवर प्लाझ्माची प्रक्रिया करून ऑक्सिजनयुक्त गट निर्माण केले जातात. रक्त वाहून नेणाऱ्या नळ्यांना हेपारिन रासायनिक बंधाने जोडायचे असल्यास पृष्ठभागावर आधी अमाइनासारखे गट असावे लागतात.

== पद्धती ==
* '''संपर्ककोन:''' पाण्याचा थेंब पृष्ठभागाशी करीत असलेला कोन मोजतात. कोन ९० अंशांहून मोठा असल्यास पृष्ठभाग जलविरोधी मानला जातो. गटांची ओळख मात्र यातून पटत नाही.
* '''रंजकबंधन:''' टोल्युइडिन ब्लू हे धनप्रभारित रंजक अल्कधर्मी द्रावणात कार्बॉक्सिल गटांना बांधले जाते. जास्तीचे रंजक धुऊन, बांधलेले रंजक ॲसेटिक अम्लाने सोडवितात व रंगाच्या तीव्रतेवरून गटांची संख्या काढतात.
* '''क्ष-किरण प्रकाशइलेक्ट्रॉन वर्णपटविज्ञान:''' सुमारे १० नॅनोमीटर खोलीपर्यंतच्या थरातील मूलद्रव्ये व त्यांचे बंध कळतात. हायड्रोजन ओळखता येत नाही. हायड्रॉक्सिल गटांना फ्लोरिनयुक्त अभिकारक जोडून फ्लोरिनवरून त्यांची गणना करतात.
* '''अवरक्त वर्णपटविज्ञान:''' परावर्तन पद्धतीत साधारण एक मायक्रोमीटर खोलीपर्यंतची माहिती मिळते. त्यामुळे अतिशय पातळ थराचे संकेत आतील पदार्थाच्या संकेतांत झाकले जातात.

== मर्यादा ==
गट अस्तित्वात असणे आणि तो अभिक्रियेस उपलब्ध असणे या भिन्न गोष्टी आहेत. रंजकाचा मोठा रेणू दाटीतील प्रत्येक गटापर्यंत पोहोचत नाही. प्रथिनाचा रेणू तर त्याहून कितीतरी मोठा असतो. शिवाय बहुवारिकाच्या साखळ्या स्थिर नसतात. हवेत किंवा निर्वातात जलस्नेही गट आत वळतात, पाण्यात ते पुन्हा बाहेर येऊ शकतात. त्यामुळे निर्वातात घेतलेले मापन शरीरातील स्थिती दाखवीलच असे नाही. प्लाझ्माप्रक्रियेचा परिणाम साठवणुकीत कमी होत असल्याने नमुन्याचे वय नोंदविणेही आवश्यक ठरते. विश्वसनीय निष्कर्षासाठी एकाहून अधिक पद्धती वापरल्या जातात.

== भारतातील संशोधन ==
पुण्यातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (स्थापना १९५०) बहुवारिकांवर संशोधन होते. बहुवारिक अभियांत्रिकीतील संशोधक रघुनाथ माशेलकर १९८९ ते १९९५ या काळात तिचे संचालक होते. तिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेने विकसित केलेल्या कृत्रिम हृदयझडपेची चकती पॉलिएथिलीनच्या एका प्रकाराची असून तिचे पहिले रोपण १९९० मध्ये झाले.