शाबीत कोणी करायचे?

कोर्टातले लॅटिन म्हणजे वकिलांची मिजास, हा समज बराचसा खरा आहे. ‘अ‍ॅलिबाय’ न म्हणता ‘गुन्हा घडला तेव्हा मी दुसऱ्या ठिकाणी होतो’ म्हटले तरी काही अडत नाही. ‘ओनस प्रोबँडी’ मात्र चंद्रपूर-गडचिरोलीने ओळखून ठेवावा. शाबीत करण्याचा बोजा कोणावर, एवढाच त्याचा अर्थ. रोमन कायदेपंडित पाउलुसचा नियम साधा होता: जो म्हणतो त्याने सिद्ध करावे, नाकारणाऱ्याने नव्हे.

जंगलात तो उलटा झाला. १९२७च्या भारतीय वन कायद्याचे कलम ६९ म्हणते, वनोपज सरकारचे का, असा वाद निघाला तर उलट सिद्ध होईपर्यंत ते सरकारचेच धरायचे. म्हणजे बांबूची मोळी डोक्यावर असलेल्यानेच ती आपली असल्याचे दाखवायचे. आजोबांपासून तोडत आलेल्या बांबूची पावती कोणाच्या घरात असते?

देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात २६ मार्च १९७२च्या रात्री जे घडले, त्यात हा बोजा एका आदिवासी मुलीवर आला. दोन पोलिसांनी अत्याचार केल्याची तिची तक्रार होती. चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने त्यांना सोडले, नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली आणि १९७८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे विरोध नाही, म्हणजे संमती! उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर यांनी १९७९मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. बायका रस्त्यावर उतरल्या. १९८३मध्ये पुरावा कायद्यात कलम ११४-अ आले. पोलीस कोठडीतल्या अशा खटल्यात शरीरसंबंध शाबीत झाला आणि बाईने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने ती नव्हती असेच धरायचे. बोजा आरोपीकडे सरकला.

बांबूचा बोजा सरकायला जास्त वेळ लागला. २००६च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपजात घातला, त्याची मालकी गावाला दिली. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९मध्ये सामूहिक हक्क मिळाला, पण वाहतूक परवान्याचे पुस्तक हाती पडायला २०११ उजाडले. वन कायद्यातल्या ‘झाडा’च्या व्याख्येतून बांबू निघाला तो थेट २०१७मध्ये.

बिगरआदिवासी वननिवासींचे ओझे आजही जड आहे. १३ डिसेंबर २००५पूर्वीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास त्यांना दाखवावा लागतो. म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाबही पुरावा म्हणून चालतो, असे वनहक्क कायद्याचा नियम १३ सांगतो. दावेदाराने तो नियम सोबत न्यावा. नाहीतर कचेरीत १९३०चा कागद मागतात.