बिअरच्या बाटलीत दोन लार्ज पेग

‘बिअर म्हणजे काही दारू नव्हे’ हा समज जयसिंगपूरसारख्या कॉलेजच्या गावात मुलांबरोबर पालकांच्याही बोलण्यात येतो. महाराष्ट्रात बिअरसाठी 21 आणि कडक दारूसाठी 25 वर्षांची अट आहे, त्यामुळे तो आणखी पक्का होतो. पण हिशेब करून पाहावा. स्ट्राँग बिअरच्या 650 मिलिलिटरच्या बाटलीत आठ टक्के अल्कोहोल धरलं तर शुद्ध अल्कोहोल 52 मिलिलिटर होतं. व्हिस्कीचा लार्ज पेग 60 मिलिलिटरचा, त्यात साधारण 43 टक्के, म्हणजे सुमारे 26 मिलिलिटर. थोडक्यात, एक बाटली म्हणजे दोन लार्ज पेग. शरीर नाव बघत नाही, प्रमाण बघतं, आणि विद्यार्थ्यांच्या दारूबद्दलचे बहुतेक गैरसमज हे प्रमाण विसरल्यामुळेच टिकून आहेत.

‘मटण-भाकरी खाऊन बसलं की चढत नाही’ हा आपल्याकडचा आवडता उपाय. भरल्या पोटी अल्कोहोल रक्तात सावकाश उतरतं एवढंच खरं. प्यायलेलं बाहेर काढायचं काम यकृताचंच, आणि ते तासाला जेमतेम सात ते दहा ग्रॅम. लिंबूपाणी, कॉफी, थंड पाण्याची अंघोळ यांनी हा वेग वाढत नाही. वर सांगितलेल्या एका बाटलीत 41 ग्रॅम अल्कोहोल असतं, म्हणजे ते पुरतं जायला चार-सहा तास लागतात. मोटार वाहन कायद्याची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमची आहे. साठ किलोच्या मुलाच्या रक्तात तेवढ्याच एका बाटलीनं याच्या तिपटीच्या आसपास अल्कोहोल जाऊ शकतं. रात्री सांगली-कोल्हापूर रस्त्यावर मोटरसायकल काढताना त्याला ‘मी शुद्धीत आहे’ असं मनापासून वाटतं. सगळ्यात आधी मंदावतो तो स्वतःला जोखणारा विवेक, म्हणून त्या वाटण्यावर भरवसा ठेवता येत नाही.

यावर आक्षेप येतो की महिन्यातून एकदा पिणारा काही व्यसनी नसतो. बरोबर आहे. पण अपघात, मारामारी, उलटी श्वासनलिकेत जाणं यांसाठी व्यसन लागत नाही, एक रात्र पुरते. परीक्षेचं टेन्शन घालवायला घेतलेली दारू झोप लवकर आणते, पण ती झोप तुटक असते, आणि वाचलेलं पक्कं होण्याचं काम झोपेतच होतं. मेंदूचा पुढचा भाग तर पंचविशीपर्यंत घडत असतो. ‘सगळेच पितात’ हेही खरं नाही: केंद्र सरकारच्या 2019 मधल्या सर्वेक्षणात दहा ते पंचाहत्तर वयोगटात दारू पिणारे 14.6 टक्के निघाले, पुरुषांतही सव्वासत्तावीस टक्के. न पिणारा मुलगा एकटा पडलेला नाही, तो बहुसंख्येत आहे.

सर्वांत घातक समज शेवटचा: ‘झोपू दे त्याला, सकाळी उतरेल.’ ग्लास खाली ठेवल्यावरही पोटातलं अल्कोहोल रक्तात जातच राहतं, आणि झोपलेल्या मुलाचा श्वास मंदावू शकतो. हाक मारून, हलवून जागा होत नसेल, श्वास थांबून-थांबून येत असेल, अंग गार पडलं असेल, तर त्याला कुशीवर वळवावं, 108 ला फोन करावा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत त्याच्याजवळून हलू नये.