पॉलिश पांढरं का पडतं?

मंडळी, आज एकच प्रश्न घेऊ. जुलैत मुंबईत किंवा रत्नागिरीत टेबलाला चपडा लाखेचं पॉलिश लावलं, की कधी कधी काही मिनिटांतच त्यावर पांढरट धुकं चढतं. गिऱ्हाईक म्हणतं, माल भेसळीचा. कारागिराची मजुरी अडकते. पण बहुतेक वेळा माल चांगलाच असतो, चुकलेलं असतं ते तापमानाचं गणित.

इंजेक्शनच्या आधी दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवला की गार लागतं ना? स्पिरिट उडताना उष्णता घेऊन जातं. लाकडाचंही तसंच होतं. आता, हवेतली वाफ ज्या तापमानाला पाणी होऊ लागते, तो दवबिंदू. हवा २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल, तर दवबिंदू सुमारे २५ अंश. म्हणजे पृष्ठभाग जेमतेम तीन अंश गार झाला की ओल्या थरावर दव धरलंच. लाख पाण्यात विरघळत नाही, म्हणून ती पांढरी दिसते.

याउलट मे महिन्यातलं नागपूर घ्या. ४० अंश, आर्द्रता २० टक्के, दवबिंदू सुमारे १३. तिथे धुकं येत नाही, पण स्पिरिट इतक्या झपाट्यानं उडतं की थर पसरायच्या आधीच बोळा चिकटतो, हाताचे पट्टे उमटतात. आणि उन्हातून आत आणलेली फळी लगेच लावायला घेऊ नका. तिची छिद्रं सावकाश निवू द्यावीत. पॉलिश लावल्यावर फळी तापत गेली, तर छिद्रांतली हवा फुगून थरात बुडबुडे येतात.

मग पावसाळ्यात करायचं काय? लाकूड आदल्या दिवशीच खोलीत आणून ठेवा. पाऊस उघडलेली दुपार गाठा. थर पातळ द्या. पंखा थेट कामावर सोडू नका: स्पिरिट लवकर उडतं, म्हणून पृष्ठभाग आणखी गार होतो. खोली उबदार करायची म्हणून शेगडी मात्र कधीही पेटवू नका, स्पिरिटची वाफ पेट घेते.

आणि धुकं आलंच तर घाईनं खरवडू नका. कोरडा दिवस बघून स्पिरिटनं किंचित ओलावलेला बोळा हलक्या हातानं फिरवा. थर मऊ होतो, अडकलेलं पाणी निघून जातं. बऱ्याचदा टेबल वाचतं, आणि मजुरीही.