फड कधी मोडावा?

पुण्याहून एस.टी.नं नाशिकच्या बाजूला निघालात की दोनेक तासांत नारायणगाव येतं. फाल्गुन-चैत्रात गेलात तर तिथं ओळीनं तमाशाफडांच्या राहुट्या दिसतील. गावोगावची पंचमंडळी जत्रेची सुपारी ठरवायला इथंच येतात.

‘तमाशाचं आम्हाला काय?’ म्हणून पान उलटू नका हं! गोष्ट आपल्याच घरातली आहे.

फड चालतो उचलीवर. हंगामाआधी कलावंतांना आगाऊ पैसे द्यायचे. गाड्या, तंबू, दिवे यांची सोय करायची. त्यासाठी बहुधा कर्ज काढायचं. दसऱ्याच्या सुमाराला सुरू झालेला हंगाम पावसाळ्याच्या तोंडावर संपतो आणि माणसं पांगतात. पुन्हा उचल वाटली तर फड उभा, नाही तर मोडला! म्हणजे दरवर्षी प्रश्न तोच: चालवायचा की थांबवायचा? २०२० साली पाडवा २५ मार्चला आला आणि देशभर टाळेबंदीही त्याच दिवशी लागली. ऐन जत्रांचा हंगाम बुडाला. पुढच्या वर्षीही तीच गत. कर्ज मात्र थांबलं नाही.

याच गावाचं नाव लावणाऱ्या विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर नाचत होत्या, आत जाऊन बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर आल्या, असं सांगतात. आपण ऐकतो आणि ‘धन्य बाई!’ म्हणतो. पण कधी मनात येतं, त्या माउलीला थांबायची मुभा तरी होती का? २००२ साली त्या गेल्या. अखेरचे दिवस हलाखीत गेले. आज त्यांच्या नावानं सरकार जीवनगौरव पुरस्कार देतं.

आमचा मंगळागौरीच्या खेळांचा संच अठरा वर्षं चालला. हौसेनं सुरू केला, पण पुढंपुढं श्रावण आला की पोटात गोळा यायचा. कुणाचे गुडघे, कुणाच्या सासूबाईंचं आजारपण! तरी ‘बंद करू या’ म्हणायला जीभ रेटेना. लोक काय म्हणतील? शेवटी मीच म्हटलं. क्षणभर सगळ्या गप्प. मग एकजण हळूच म्हणाली, ‘‘बरं झालं बाई, तू बोललीस!’’

तुमचंही असंच काही असेल. भजनी मंडळ असेल, हस्तलिखित असेल, वर्षानुवर्षं टोपलीत पडलेला भरतकामाचा पडदा असेल. तो मोडण्याआधी तीन गोष्टी पाहा. थकवा एका हंगामाचा आहे की कायमचा? एक वर्ष विसावा घेऊन पाहा, कळेल. दुसरं, त्यावर कुणाचं पोट आहे का? असेल तर आधी त्यांची सोय. तिसरं, जे जमवलंत ते कुणाला देणार? आम्ही गाण्यांची वही शेजारच्या सुनेला दिली. तिनं चाली बदलल्या. पहिल्यांदा बोचलं, पण आता मी कौतुकानं ऐकते.

शेवटचा खेळ मात्र चोरून करू नका. चार माणसं बोलवा, वाटली डाळ-पन्हं करा, आणि सांगून थांबा.

थांबता येणं ही चैन आहे, मैत्रिणींनो. फडावरच्या कितीतरी जणींना ती मिळाली नाही. आपल्याला मिळालीय, तर मग अपराधी कशाला वाटून घ्यायचं?